लेसर यंत्रासोबत आलेल्या चष्म्यावर विसंबावे का?

प्रश्न : हौस म्हणून लाकडावर कोरीवकाम करण्यासाठी मी निळ्या डायोड लेसरचे एक उघडे यंत्र घेतले आहे. खोक्यावर ठळक अक्षरांत ८० वॉट छापले आहे, पण माहितीपुस्तिकेत 'ऑप्टिकल आउटपुट १० वॉट, ४५५ नॅनोमीटर' असा उल्लेख आहे. सोबत हिरवट प्लास्टिकचा एक चष्मा मिळाला, त्यावर कसलीही खूण नाही. तो लावून काही महिने काम केले आणि त्रास काहीच झाला नाही. माझा एक मित्र कार्बन डायऑक्साइड लेसर वापरतो. तो साधा पारदर्शक चष्मा लावतो आणि तेवढे पुरते असे म्हणतो. ऑनलाइन एक चष्मा पाहिला, त्यावर '१९० ते २००० नॅनोमीटर, ओडी ६+' असे लिहिले आहे आणि त्याची काच जवळजवळ पारदर्शक दिसते. पुढे धातूवर खुणा करण्यासाठी १०६४ नॅनोमीटरचे अवरक्त मोड्यूल जोडण्याचा विचार आहे. मला नंबरचा चष्मा आहे, आणि काम चालू असताना माझा दहा वर्षांचा मुलगा बघायला येऊन उभा राहतो. भरवशाचा चष्मा कसा ओळखावा?

उत्तर : तुमच्या पत्रातील 'त्रास काहीच झाला नाही' हे वाक्य मी आधी विचारात घेतो, कारण निकृष्ट संरक्षक चष्मे खपत राहतात ते याच अनुभवाच्या जोरावर. लेसरचा झोत लाकडावर पडतो तेव्हा त्यातला काही प्रकाश शोषला जातो आणि उरलेला सगळ्या दिशांना विखुरतो. समजा, पांढऱ्या कागदासारख्या पृष्ठभागावरून १० वॉटपैकी जवळजवळ सगळा प्रकाश असा विखुरला, तरी अर्ध्या मीटरवरून त्या ठिपक्याकडे पाहणाऱ्याच्या पूर्ण उघडलेल्या, म्हणजे ७ मिलिमीटर व्यासाच्या, बाहुलीतून जास्तीत जास्त अर्धा मिलिवॉट प्रकाश आत जाईल. डोळा पाव सेकंदात मिटतो असे गृहीत धरून दृश्य प्रकाशासाठी जी मर्यादा धरली जाते, ती सुमारे १ मिलिवॉट आहे. म्हणजे ओझरती नजर गेली तर अर्ध्या मीटरवरून काही बिघडत नाही. पण कोरीवकाम करणारा माणूस ओझरते पाहत नाही, तो टक लावून पाहतो. निळ्या प्रकाशाची दृष्टिपटलावर (डोळ्याच्या आतल्या पडद्यावर, म्हणजे रेटिनावर) होणारी इजा केवळ उष्णतेची नसते. त्यात प्रकाशरासायनिक क्रियाही असते आणि ती साचत जाते, म्हणून मिनिट-दोन मिनिटे सलग पाहण्यासाठीची मर्यादा ४५० नॅनोमीटरच्या आसपास सुमारे ०.०४ मिलिवॉटपर्यंत खाली येते. तुमचा अर्धा मिलिवॉट तिच्या बारा-तेरा पट आहे, आणि वाकून पाव मीटरवर गेलात तर त्याच्याही चौपट.

आता यातली मेख पाहा. हा विखुरलेला प्रकाश बारा-तेरा पट कमी करायला फार दर्जेदार काच लागत नाही, बऱ्यापैकी रंगीत प्लास्टिकही ते काम निभावते. त्यामुळे सामान्य दिवशी चांगला चष्मा आणि वाईट चष्मा यांत तुम्हाला काहीच फरक जाणवत नाही. फरक पडतो तो लाकडातल्या विसरलेल्या स्क्रूवर, धातूच्या पट्टीच्या कडेवर किंवा चकचकीत टाइलवर झोत पडून सरळ तुमच्या चेहऱ्याकडे वळतो तेव्हा. साध्या काचेचा एक पृष्ठभागसुद्धा समोरून पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ४ टक्के प्रकाश आरशासारखा परत पाठवतो. १० वॉटचे ४ टक्के म्हणजे ४०० मिलिवॉट, आणि हे पाव सेकंदाच्या मर्यादेच्या ४०० पट झाले. डोळ्याचे भिंग समांतर झोत दृष्टिपटलावरील एका बिंदूत एकवटते आणि तेथे प्रकाशाची तीव्रता पारपटलावर (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर) असते त्याच्या सुमारे एक लाख पट होते. या इजेत बहुधा वेदना होत नाहीत, नजरेच्या मधोमध एक काळा डाग उरतो आणि तो अनेकदा कायमचा असतो. संरक्षक चष्मा घ्यायचा तो या एका क्षणासाठी, आणि म्हणून त्याची निवड रोजच्या अनुभवावरून करता येत नाही. ती आकड्यांवरूनच करावी लागते.

आकडे दोनच आहेत, पण दोन्ही एकत्र वाचायचे असतात. पहिला तरंगलांबीचा, म्हणजे प्रकाशाचा रंग ठरवणारा, तुमच्या बाबतीत ४५५ नॅनोमीटर. दुसरा ऑप्टिकल डेन्सिटीचा, म्हणजे ओडीचा. ओडी ही दहाच्या पटीची मोजणी आहे : ओडी १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश आत येतो, ओडी ४ म्हणजे दहा हजारावा आणि ओडी ६ म्हणजे दहा लाखावा. यावरून तुमची गरज स्वतः काढता येते. १० वॉट म्हणजे १०,००० मिलिवॉट. तो सगळाच्या सगळा डोळ्यावर आला आणि तो १ मिलिवॉटपर्यंत आणायचा असेल तर दहा हजार पट घट हवी, म्हणजे ओडी ४. पण निळ्या प्रकाशासाठी मी पाव सेकंदाचा हिशेब पुरेसा मानत नाही. ०.०४ मिलिवॉटची मर्यादा धरली तर अडीच लाख पट घट लागते आणि ओडी ५.४ येते. चष्म्यांवर बहुधा पूर्णांक असतात, तेव्हा ४५५ नॅनोमीटरला ओडी ६ हे तुमच्यासाठी योग्य उत्तर आहे. ओडी ४ चा प्रमाणित चष्मा अगदीच निरुपयोगी नाही, पण तो तुम्हाला जेमतेम काठावर उभा करतो.

खोक्यावरच्या ८० वॉटने गोंधळून जाऊ नका. अशा मोठ्या आकड्यांना मोजणीच्या दृष्टीने फारसा अर्थ नसतो. कधी ती यंत्र ओढते ती विद्युतशक्ती असते, तर कधी दुसऱ्या प्रकारच्या लेसरशी केलेली मोघम तुलना असते. हिशेबात धरायची ती ऑप्टिकल आउटपुट, आणि तुमच्या पुस्तिकेत ती दिली आहे हे चांगले आहे. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाप्रमाणे, म्हणजे आयईसी ६०८२५-१ या मानकानुसार, ५०० मिलिवॉटच्या वरचा असा उघडा झोत वर्ग ४ मध्ये येतो, ज्यात विखुरलेला प्रकाशही धोकादायक धरला जातो आणि आगीचाही धोका गृहीत असतो. तुमचे यंत्र त्या सीमेच्या वीसपट पुढे आहे.

तुमच्या मित्राचे म्हणणे त्याच्या यंत्रापुरते निराधार नाही. कार्बन डायऑक्साइड लेसरची तरंगलांबी १०,६०० नॅनोमीटर असते, आणि ती पॉलिकार्बोनेट, ॲक्रिलिक व साधी काच या सगळ्यांत पृष्ठभागावरच शोषली जाते. त्यामुळे त्या लेसरसाठीचे प्रमाणित चष्मेही डोळ्यांना स्वच्छ पारदर्शकच दिसतात. (त्यानेही कोणताही साधा चष्मा न वापरता त्या तरंगलांबीचे मार्किंग असलेला घ्यावा हे बरे, कारण पातळ प्लास्टिक थेट झोतात काही क्षणांत वितळते.) तुमच्या ४५५ नॅनोमीटरला मात्र पारदर्शक पॉलिकार्बोनेट म्हणजे उघडी खिडकी आहे. जी काच निळा रंग निळा दाखवते, ती निळा लेसरही आत सोडते. लेसरचा चष्मा एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उसना नेता येत नाही, आणि या छंदातले बहुतेक चुकीचे सल्ले नेमके अशा उसनवारीतून येतात.

याच कसोटीवर ऑनलाइन दिसलेला तो चष्मा टिकत नाही. १९० ते २००० नॅनोमीटर या पट्ट्यात ४०० ते ७०० हा संपूर्ण दृश्य प्रकाश येतो. तो सगळा दहा लाख पट अडवणाऱ्या काचेतून तुम्हाला भर दुपारी काहीही दिसणार नाही. काच पारदर्शक आहे आणि दावाही खरा आहे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. तो चष्मा घेऊ नका. त्याच्याहून अधिक विचार करायला लावणारे चष्मे म्हणजे '१९०–५४० आणि ८००–२००० नॅनोमीटर, ओडी ४+' असे छापलेले नारिंगी किंवा लालसर चष्मे. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने असा चष्मा शक्य आहे, पण रुंद पट्ट्यासाठी दिलेला एकच आकडा आणि त्यापुढचे अधिकचिन्ह यांवरून ४५५ ला ओडी किती आणि १०६४ ला किती हे कळत नाही. रंगद्रव्याची काच पट्ट्याच्या मधोमध भक्कम आणि कडेला दुबळी असते. म्हणून विक्रेत्याकडे तरंगलांबीनुसार ओडीचा आलेख मागा. जो निर्माता खरोखर मोजमाप करतो त्याच्याकडे तो असतोच. आलेख मिळत नसेल तर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

यापुढची पायरी मार्किंगची. युरोपमध्ये लेसर संरक्षक चष्म्यांसाठी ईएन २०७ हे मानक आहे, आणि माझ्या मते छंदिष्टाने शोधावे असे सर्वांत उपयुक्त मार्किंग तेच आहे. कारण ओडी फक्त प्रकाश किती अडतो ते सांगते. काच थेट झोताखाली तग धरेल की नाही, हे ओडीच्या आकड्यात येत नाही. ईएन २०७ च्या चाचणीत सतत झोत काही सेकंद काचेवर आणि फ्रेमवर सोडून दोन्ही तग धरतात का हे तपासले जाते, आणि त्यानंतर एलबी हा संरक्षणाची पातळी सांगणारा अंक दिला जातो. काचेवर किंवा फ्रेमवर कोरलेली ओळ अशी वाचायची : आधी तरंगलांबी किंवा तिचा पट्टा, मग लेसर कोणत्या पद्धतीने चालतो ते सांगणारे रोमन अक्षर, मग एलबीचा अंक, आणि शेवटी निर्मात्याची खूण. अक्षरांत डी म्हणजे सतत झोत, आय म्हणजे पल्स (तुटक झोत), आर म्हणजे अतिशय आखूड व तीव्र पल्स, आणि एम म्हणजे त्याहूनही आखूड पल्स. तुमच्या निळ्या डायोडसाठी ४५५ चा समावेश असलेल्या पट्ट्यात 'डी' आणि एलबी ५ किंवा एलबी ६ असे काहीतरी दिसले पाहिजे. यांपैकी नेमके कोणते हे झोताच्या रुंदीवर अवलंबून असते, तेव्हा निर्मात्याला वॉट आणि झोताची रुंदी कळवून विचारावे. अमेरिकेत वापराचे नियम एएनएसआय झेड १३६.१ या मानकात आहेत, आणि तेथील चष्म्यांवर तरंगलांबी व ओडी छापलेले असतात. असा चष्मा नामांकित निर्मात्याचा असेल तर तोही चालेल. ईएन २०८ असे लिहिलेला चष्मा मात्र तुमच्या कामाचा नाही. तो झोत जुळवण्यासाठी असतो आणि मुद्दामच थोडा प्रकाश आत येऊ देतो.

नुसते सीई हे युरोपीय नियमांशी अनुरूपतेचे चिन्ह पाहून समाधान मानू नका, ते छापायला शाई पुरते. अनुरूपतेचे प्रमाणपत्र मागा आणि त्यावर चाचणी करणाऱ्या संस्थेचे नाव, चष्म्याचा मॉडेल क्रमांक आणि काचेचा क्रमांक तुमच्या हातातल्या वस्तूशी जुळतात का ते पाहा. ज्यांचा मुख्य व्यवसायच प्रयोगशाळांना आणि कारखान्यांना लेसर संरक्षण पुरवण्याचा आहे अशा निर्मात्यांकडून घ्या. यंत्राच्या खोक्यात टाकून दिलेला चष्मा क्वचित चांगलाही निघतो, पण कोरी फ्रेम आणि कोरी काच यांतून ते सिद्ध होत नाही. तुमचा हिरवट चष्मा निळा प्रकाश अडवत असेलही. तो दहा पट अडवतो की दहा लाख पट, हे त्याच्याकडे पाहून कोणीही सांगू शकणार नाही.

ते घरी तपासता येईल का, असा प्रश्न तुमच्या मनात येणारच. एक चाचणी निर्धोक आहे : चष्म्यातून निळ्या एलईडीकडे किंवा पडद्यावरच्या गडद निळ्या चौकोनाकडे पाहा. निळा निळाच दिसला तर चष्मा बाद. निळा काळा दिसला तर मात्र चष्मा पास झाला असे समजू नका, कारण शंभर पट घट झालेला ठिपकाही डोळ्याला काळाच वाटतो आणि तुम्हाला त्याच्या दहा हजार पट पुढे जायचे आहे. हौशी लोक वापरतात त्या उष्णतेवर चालणाऱ्या पॉवर मीटरनेही हा फरक मोजता येत नाही. १० वॉटचा दहा लाखावा भाग म्हणजे १० मायक्रोवॉट, आणि हाताची ऊबसुद्धा अशा मीटरला त्याहून अधिक हलवते. काही जण चष्मा यंत्राच्या पाटावर ठेवून त्यावर थेट झोत सोडतात आणि खालचे लाकूड जळते का ते पाहतात. हे करू नये. वक्र, चकचकीत काचेवरून परतणाऱ्या ४ टक्क्यांचा हिशेब वर दिलाच आहे. शिवाय एका बिंदूत एकवटलेला झोत उत्तम प्रमाणित काचेलाही भाजून काढतो आणि त्यानंतर ती वापरण्याजोगी राहत नाही.

अवरक्त मोड्यूलचा विचार मी तूर्त पुढे ढकलायला सांगेन. १०६४ नॅनोमीटर दिसत नाही, पण डोळ्याचे भिंग तेही दृष्टिपटलावर तितक्याच नेटाने एकवटते. ४०० ते १४०० नॅनोमीटर हा सगळा पट्टा दृष्टिपटलाला धोक्याचा आहे. दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही, आणि धातूवर काम करायचे म्हणजे चकचकीत पृष्ठभाग रोज समोर येणार. अशी अनेक मोड्यूल अतिशय आखूड पल्सवर चालतात. त्यांची सरासरी शक्ती २ वॉट असली तरी प्रत्येक पल्सची तीव्रता कित्येक पट जास्त असते, आणि काही रंगद्रव्ये अशा पल्सखाली क्षणभर पारदर्शक होतात. म्हणून त्यासाठी १०६४ ला 'आर' अक्षरासह एलबी अंक असलेलाच चष्मा लागेल, नुसते 'डी' चालणार नाही. दोन्ही तरंगलांबींना प्रमाणित असा एकच चष्मा मिळाला तर तोच घ्या. दोन वेगळे चष्मे ठेवलेत की घाईत चुकीचा उचलला जाणारच. न दिसणाऱ्या अवरक्ताचा एक बोलका दाखला असा : अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने २०१० मध्ये एका स्वस्त हिरव्या लेसर पॉइंटरविषयी अहवाल दिला. तो १० मिलिवॉट हिरवा प्रकाश देतो असे सांगून विकला जात होता आणि प्रत्यक्षात जवळजवळ २० मिलिवॉट अवरक्त प्रकाश टाकत होता. ५३२ नॅनोमीटरचा, म्हणजे हिरव्या प्रकाशासाठीचा, चष्मा लावून त्याकडे पाहणाऱ्याला हे कधीच कळले नसते.

चांगला चष्मा आल्यावर एक नवी अडचण उभी राहते, तिची तयारी आधीच ठेवा. निळा दहा लाख पट अडला की तुम्हाला ठिपका जवळजवळ दिसेनासा होतो, आणि काम पाटावर नीट बसवताना माणूस 'एक क्षणभरच' म्हणून चष्मा वर सरकवतो. त्या वेळी यंत्र चालू असते, चेहरा जवळ असतो आणि काम अजून पक्के बसलेले नसते. त्याऐवजी पाटावर कॅमेरा बसवून जुळवणी पडद्यावर पाहून करा, किंवा कोपरे मोजून खुणा करा. काच खोलीतला प्रकाश किती आत येऊ देते हा आकडाही विचारा. ईएन २०७ प्रमाणे तो २० टक्क्यांहून कमी असेल तर खोलीत जादा उजेड ठेवावा लागतो. अंधारात धडपडणारा माणूस चष्मा काढतोच. गडद उन्हाळी गॉगल किंवा वेल्डिंगची काच हा पर्याय नाही. गॉगल लेसर अडवत नाही आणि वर बाहुली मोठी करतो, तर वेल्डिंगच्या काचेची परीक्षा या झोतासाठी झालेली नसते.

चष्म्यावर खर्च करण्याआधी तो यंत्र बंद पेटीत बसवण्यावर करा, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या तरंगलांबीला प्रमाणित असलेल्या खिडकीची अपारदर्शक पेटी, झाकण उघडताच लेसर बंद करणारा स्विच आणि धूर बाहेर नेणारा पंखा एवढे झाले, की उघडा वर्ग ४ चा झोत रोजच्या वापरात तुमच्यापर्यंत येतच नाही. मग चष्मा उरतो तो झाकण उघडून दुरुस्ती करण्याच्या वेळेसाठी. पेटीसोबत मिळणारी नारिंगी ॲक्रिलिकची खिडकीही याच आलेखाच्या आणि ओडीच्या प्रश्नांतून पार पडली पाहिजे. आणि चष्मा कितीही उत्तम असला तरी झोताच्या दिशेने मुद्दाम पाहायचे नाही.

तुमच्या नंबरच्या चष्म्याने लेसर अडत नाही, तेव्हा त्यावरून घालता येईल अशी मोठी फ्रेम घ्या किंवा आत नंबरच्या काचा बसवण्याची सोय असलेली. घालून आरशात पाहा : नाकाच्या बाजूने, गालाखालून आणि कानशिलाकडून उजेड शिरतो का? शिरत असेल तर फ्रेम तुमच्या चेहऱ्याची नाही, मग ओडी काहीही असो. काच मऊ कापडाने व निर्मात्याने सांगितलेल्या द्रवाने पुसा, उन्हात ठेवू नका, आणि खोल ओरखडा, तडा किंवा रंग फिका पडलेला दिसला की ती बाद करा. थेट झोत एकदा जरी लागला तरी ती बदलायची. कधी डोळ्यात झोत गेल्याची शंका आली, किंवा नजरेच्या मध्यभागी डाग, वाकडेतिकडे दिसणे असे काही जाणवले, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडून दृष्टिपटल तपासून घ्या आणि तरंगलांबी व वॉट लिहून सोबत न्या.

मुलाच्या बाबतीत माझे उत्तर तुमच्यासाठीच्या उत्तरापेक्षा कडक आहे. लहान मुलांच्या डोळ्यांतील भिंग मोठ्यांच्या भिंगापेक्षा स्वच्छ असते आणि निळा प्रकाश अधिक प्रमाणात आत सोडते. मोठ्यांची फ्रेम त्यांच्या गालावर टेकत नाही. शिवाय पाटाशेजारी उभ्या राहिलेल्या मुलाची नजर पाटाच्या जवळपास उंचीवर येते. पेटी बसेपर्यंत यंत्र चालू असताना त्याने खोलीत असू नये. जुळवणीसाठी जो कॅमेरा बसवाल, त्याचे चित्र त्याला बाहेरच्या खोलीत पडद्यावर दाखवा. पेटी बसली की झाकण बंद असताना तो शेजारी उभा राहू शकतो, आणि तेव्हाही त्याच्या चेहऱ्याला नीट बसणारा, तुमच्याच मार्किंगचा दुसरा चष्मा त्याच्यासाठी वेगळा मागवा.